किराणा दुकानाचं वीजबिल: फ्रीझर रात्री बंद ठेवावे का?

मानेवाडा_किराणा
दुकान पश्चिममुखी, साडेतीनशे चौरस फूट. दोन डीप फ्रीझर, काचेच्या दाराचा एक कोल्ड्रिंकचा फ्रिज, चोकवाल्या 8 जुन्या ट्यूब, एक डेझर्ट कूलर. मार्चपासून बिल चढतच चाललं आहे. रात्री फ्रीझर बंद केले तर चालेल का?

वायरमन_इतवारी
नका करू भाऊ. आइस्क्रीम मऊ पडून पुन्हा गोठलं की त्यात बर्फाचे खडे धरतात, मग गिऱ्हाईक परत आणून देतं. सकाळी कॉम्प्रेसर उणे 18 गाठायला सलग चालतो तो वेगळाच. फ्रिजमध्ये नुसत्या कोल्ड्रिंकच्या बाटल्या असतील तर त्याला रात्री टायमर लावा. दूध-दही असेल तर तेही नको.

आधी मोजा. शटर पाडताना दिवे-पंखे बंद करून मीटरचं रीडिंग लिहा, सकाळी उघडताच पुन्हा लिहा. मधले युनिट मशीनचे, शिवाय सीसीटीव्ही-इन्व्हर्टर असेल तर त्यांचे.

ट्यूब मात्र लगेच बदला. 36 वॉटची ट्यूब चोकसकट 50 च्या आसपास खाते, एलईडी बॅटन 20. आठ नगांवर 240 वॉट वाचतात. रोज 13 तास धरले तर महिन्याला 90च्या वर युनिट.

फ्रिज_मेकॅनिक
कूलरचं तोंड कुठे आहे? फ्रीझरकडे असेल तर दुखणं तिथंच आहे. झाकण उघडलं की कूलरची ओली हवा आत शिरते आणि भिंतींवर बर्फ होऊन बसते. बर्फाचा थर बोटभर झाला की थंडावा मालापर्यंत पोचत नाही, कॉम्प्रेसर थांबायचं नाव घेत नाही. थर अर्धा सेंटिमीटर झाला की डीफ्रॉस्ट करा, म्हणजे फ्रीझर बंद करून बर्फ वितळू द्या. चाकूनं खरवडू नका, आतली नळी फुटली की गॅस गेला.

मागे-बाजूला वीतभर जागा सोडा. कंडेन्सरच्या, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या जाळीत पिठाची न् मसाल्याची धूळ बसते, किराण्यात जरा जास्तच. प्लग काढून महिन्यातून एकदा ब्रश मारा. झाकणाच्या रबरात दहाची नोट अडकवून ओढा. सहज निसटली तर ते रबर (गॅस्केट) बदला.

मानेवाडा_किराणा
कूलर थेट फ्रीझरवरच आहे. पण गल्ल्यावर 45 डिग्रीत बसायचं कसं?

फ्रिज_मेकॅनिक
कूलर दारालगत ठेवून झोत गल्ल्याकडे फिरवा, समोरच्या भिंतीत वर एक्झॉस्ट बसवा. हवा बाहेर गेली नाही तर दुकान दमट होतं न् बिस्किटं-पापड सादळतात. दुपारी 3 नंतर दारावर ताडपत्री सोडा. एसी घेतलाच तर कूलर पूर्ण बंद. दोन्ही सोबत चालवले तर एसी नुसती ओल काढत बसतो.