मदत हवी आहे: मामांच्या स्वादुपिंडाच्या गाठीचा रिपोर्ट, पुन्हा सुई घालावी का?

सांगलीच्या मामांना (वय ६४) दोन महिने पोटात दुखून पाठीत कळ जायची. सगळ्यांनी पित्तावर ढकललं, मीही त्यातलाच. ९ किलो वजन उतरल्यावर सीटी केला तर स्वादुपिंडाच्या शेपटाकडे ५ सेंमीची गाठ. कावीळ नव्हती, त्यामुळे शंकाच आली नाही. मग एंडोस्कोपिक सोनोग्राफी करून जठरातून सुईने पेशी काढल्या.

रिपोर्टात लिहिलंय: सुट्या सुट्या, अवाढव्य, वेड्यावाकड्या पेशी, काहींत दोन-तीन केंद्रकं, ग्रंथीसारखी रचना कुठेच नाही. ‘अनडिफरन्शिएटेड कार्सिनोमा (मूळ पेशींची ओळखच न उरलेला कर्करोग) असावा, आयएचसी (पेशींतली ठरावीक प्रथिनं रंगाने ओळखायची तपासणी) करावी.’ आणि खालच्याच ओळीत, ‘सेल ब्लॉकमध्ये (सुईतून आलेल्या पेशींचा मेणात बसवलेला गठ्ठा) मटेरियल अपुरे’! म्हणजे करायची कशावर? डॉक्टर म्हणतात सोमवारी केमो सुरू करू. मामा पुन्हा सुईला तयार नाहीत. स्लाइड्सची डबी टॉवेलात गुंडाळून माझ्याकडे आहे. परळला टाटाला नेऊन दाखवल्या तर त्यांच्यावरच भागेल का?

प्रतिसाद १
पॅथॉलॉजीत आहे, पण स्लाइड न बघता निदान सांगणार नाही. रंगवलेल्या स्लाइडवरही आयएचसीचे मोजके मार्कर (कोणतं प्रथिन आहे ते दाखवणारे रंग) लावता येतात, मात्र ती स्लाइड त्यात खर्ची पडते. एकुलती एक चांगली स्लाइड असेल तर आधी तिचे फोटो काढून ठेवायला सांगा. शक्य असेल तर पुन्हा सुई घालणंच बरं. या वेळी पेशींऐवजी बारीक तुकडा काढणारी सुई वापरायला सांगा, आणि पॅथॉलॉजिस्ट तिथेच हजर राहून माल पुरेसा आहे का ते बघेल का, हेही विचारा.

‘असावा’ हा शब्द उगाच नाही. केराटिन हा मार्कर थोड्या पेशींत जरी लागला तरी कार्सिनोमाकडे कल जातो. सीडी ४५ लागलं तर लिम्फोमा (लसिका पेशींचा कर्करोग), एस १०० आणि एचएमबी ४५ लागले तर मेलानोमा (तिळासारखा दिसू शकणारा, त्वचेच्या रंगपेशींचा कर्करोग, जो पुढे इतर अवयवांत पसरू शकतो). सुईतून आलेल्या पेशी तिन्हींत अशाच सुट्या आणि राक्षसी दिसू शकतात, औषधं मात्र पार वेगळी. सोमवारच्या आधी हे डॉक्टरांशी बोला.

एक विचारतो. मामांचा कधी एखादा तीळ काढला होता का? तळपाय, नखाखाली, कुठेही?

धागाकर्ता
आत्ताच मामीला फोन केला. डाव्या टाचेवरचा काळा तीळ २०१७ साली काढला होता, चप्पल घासून रक्त यायचं म्हणून. तपासायला पाठवला होता का, तर म्हणाली, “तिळाचं काय तपासायचं असतं?” डॉक्टरांना उद्या सकाळीच गाठतो.