गणिताची गोष्ट आधी की उजळणी आधी?

रायबंदरची आई
परवा इथे गोव्यात आमच्या शाळेच्या पालकसभेत आम्हाला सांगितलं की पहिलीत मुलांना शंभरपर्यंत अंक तोंडपाठ यावेत आणि लिहिता यावेत. शाब्दिक उदाहरणं दुसरीत, नीट वाचता यायला लागल्यावर. मला हे अजिबात पटलेलं नाही.

शाब्दिक उदाहरण म्हणजे पुस्तकात छापलेला उताराच असतो असं कुठे आहे? ते तोंडी सांगता येतं. माझा धाकटा वीसपर्यंत घडाघडा म्हणायचा. पुढ्यात सात चिकू ठेवले की एकेकाला बोट लावून बरोबर सातपर्यंत मोजायचा. लगेच विचारलं, "मग किती आहेत?" तर पुन्हा एकपासून सुरुवात! शेवटी म्हटलेला आकडा हीच सगळ्या चिकूंची संख्या, हे त्याला कळलंच नव्हतं. आणखी शंभर वेळा उजळणी म्हणूनही कळलं नसतं.

आता सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, येऊन गेला की मी धाकट्याला विचारते, "सहा उंडे (गोल पाव) घेतले. आजी, बाबा, तू आणि मी. प्रत्येकाने एकेक खाल्ला तर किती उरतील?" तो चार बश्या मांडतो, प्रत्येकीत एक उंडो ठेवतो, टोपलीत बघतो आणि "दोन" म्हणतो. परत मोजायला जात नाही. हे दुसरीपर्यंत का थांबवायचं?

सत्तरीचा मास्तर
बाई, तुमच्या घरी जे चाललंय ते उत्तमच आहे, पण त्यावरून उजळणीला नावं ठेवू नका. मराठीत अकरापासून नव्याण्णवपर्यंतची नावं नुसत्या तर्काने जुळवता येत नाहीत. एकोणतीस, एकोणचाळीस इथे मुलं हमखास अडतात. ती नावं जिभेवर बसायला रोज म्हणावीच लागतात. ज्याला मोजताना पुढचा आकडा आठवावा लागतो, त्याचं गोष्टीकडे लक्ष कसं राहणार?

दुसरं, शाब्दिक उदाहरणांनी मुलं विचार करायला लागतात, हेही मला मान्य नाही. फ्रान्समध्ये ग्रेनोबलच्या संशोधकांनी लहान मुलांना विचारलं होतं, बोटीवर २६ मेंढ्या आणि १० शेळ्या आहेत, तर कप्तानाचं वय किती? बहुतेक मुलांनी त्याच आकड्यांवरून वय काढून दिलं, जसं बेरीज करून ३६. आपल्या शाळांतही हेच दिसतं. 'एकूण' दिसलं की बेरीज, 'उरले' दिसलं की वजाबाकी. गोष्ट कोणी वाचतच नाही.

पेडण्याची अंगणवाडी ताई
मास्तर, ती मुलं कप्तानाच्या वयापाशी फसली कारण शाळेतल्या प्रत्येक उदाहरणाला आकड्यांचं उत्तर असतंच, अशी त्यांना सवय लागली होती. ती सवय मोठ्यांनीच लावलेली. मी मुद्दाम मधूनच असं काही विचारते ज्याचं उत्तर निघतच नाही. सुरुवातीला सगळी गोंधळतात. मग एखादं मूल म्हणतं, "ताई, तुम्ही सांगितलंच नाही!" मला तेच ऐकायचं असतं.

प्रश्न कसा मांडला यावर फार अवलंबून असतं. टॉम हडसन यांचा १९८३ सालचा अभ्यास आहे. चित्रात पाच पक्षी आणि चार अळ्या अशी मांडणी. पक्षी अळ्यांपेक्षा कितीने जास्त, असं विचारल्यावर बालवाडीतल्या साधारण पाव मुलांनाच जमलं. किती पक्ष्यांना अळी मिळणार नाही, असं विचारलं तेव्हा जवळपास सगळ्यांना जमलं. चित्र तेच, आकडे तेच. मी हे पाच मांजरं आणि तीन बांगडे काढून करते. मुलं बोटाने एकेक बांगडा एकेका मांजराला देतात आणि उपाशी राहिलेली मांजरं दाखवतात. 'कितीने जास्त' ही भाषा नंतर त्याच चित्रावर शिकवता येते.

रायबंदरची आई
ताई, बांगडे आजच काढते! आणि मास्तर, उजळणी बंद करा असं मी म्हटलेलंच नाही. पण पाच वर्षांच्या मुलाची गोष्ट दहाच्या आत असते, तिथे एकोणतीस येतंच कुठे? केंद्र सरकारच्या 'निपुण भारत' या वाचन-गणिताच्या मोहिमेतसुद्धा बालवाटिकेसाठी, म्हणजे पहिलीच्या आधीच्या वर्गासाठी, दहापर्यंतच अंक ओळखायला सांगितले आहेत, ९९ पर्यंतचे पहिलीला. दहापर्यंत पक्कं झालं की गोष्टी सुरू करायच्या, पुढची उजळणी चालू राहू दे.

डिचोलीतली प्राथमिक शिक्षिका
तुम्हा सगळ्यांचं बरोबर आहे, पण आमच्या वर्गात येऊन बघा. पहिली ते चौथी एकाच खोलीत आणि मी एकटी. चौथीला भागाकार देऊन पहिलीकडे वळेपर्यंत तिसरीच्या वह्या तपासायला येतात. एकेका मुलाला बश्या मांडून गोष्ट कधी सांगू? उजळणी सगळ्यांना एकत्र म्हणता येते, म्हणून ती टिकली आहे. शिक्षकांना समज नाही म्हणून नव्हे.

शिवाय बहुतेकांच्या घरी कोंकणी. उदाहरण पुस्तकातल्या मराठीत वाचून दाखवलं की काही मुलं गप्प बसतात. तेच घरच्या बोलीत सांगितलं की लगेच उत्तर देतात. त्यांचं गणित कच्चं नव्हतं, हे तेव्हा कळतं.

पेडण्याची अंगणवाडी ताई
बाई, मोठ्या मुलांकडून गोष्टी करून घ्या. तिसरी-चौथीच्या मुलाने पहिलीच्या मुलाला रोज एक उदाहरण सांगायचं, घरच्या बोलीतच. चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, दिवसांत माटोळीवरून (गणपतीच्या वर फळं-नारळ बांधायची चौकट) अशी किती तरी उदाहरणं निघतात. एका बाजूला पाच नारळ बांधले, दुसऱ्या बाजूला दोन, दोन्ही बाजू सारख्या करायला अजून किती हवेत? आधी सांगणाऱ्यानेच सोडवून बघायचं, म्हणजे चौथीच्या मुलाचाही अभ्यास होतो.

सत्तरीचा मास्तर
ही नारळांची गोष्ट मला आवडली, कारण त्यात 'एकूण' नाही आणि 'उरले'ही नाही. मुलाला दोनापासून पुढे मोजावंच लागेल. तरी माझं मत कायम आहे: वर्ग भरल्यावर पहिली दहा मिनिटं उजळणीची, ती कोणी काढू नये. दोनानंतर तीन हे ज्याच्या तोंडी आपोआप येतं, तोच तिथे पुढे मोजू शकतो.

डिचोलीतली प्राथमिक शिक्षिका
दहा मिनिटं उजळणी, मग जोड्या लावून एक गोष्ट. सोमवारपासून करून बघते. चौथीतली दोन मुलं फार घाईची आहेत, ती उत्तर स्वतःच सांगून टाकतील. त्यांना काय काम द्यावं, ते सुचवा.