सेगमेंटमधून हिरे निखळतायत, टायटॅनियम कोटिंगवाली ग्रिट घ्यावी का?

रबाळे_सिंटर:
रबाळे एमआयडीसीत छोटं युनिट आहे, ग्रॅनाइट कापायच्या ब्लेडचे सेगमेंट (कडेला बसणारे हिरेवाले कापते तुकडे) बनवतो. कोबाल्ट-ब्रॉन्झ बॉण्ड (हिऱ्यांना धरून ठेवणारा धातू), ४०/५० मेश मापाची ग्रिट (हिऱ्याचे बारीक दाणे), ग्रॅफाइट मोल्डमध्ये ८०० अंशांच्या आसपास हॉट प्रेस. गिऱ्हाईक म्हणतं, ब्लेड कापतं झकास पण लवकर संपतं. भिंगाखाली हिऱ्यांपेक्षा रिकामे खड्डेच जास्त दिसतात. सप्लायर कोटिंगवाली ग्रिट गळ्यात मारतोय, भाव ऐकूनच घाम फुटला. बॉण्डमध्येच थोडी टायटॅनियम पावडर मिसळली तर?

वागळे_टूलरूम:
पावडरीचा नाद सोडा. तुमची प्रेस उघडी असणार, म्हणजे आत हवा लागणार. टायटॅनियम हिऱ्यापर्यंत पोचायच्या आधीच ऑक्सिजन ओढून घेतं आणि ऑक्साइड होऊन बसतं.

कोबाल्ट आणि ब्रॉन्झ हिऱ्याला चिकटतच नाहीत. थंड होताना धातू हिऱ्यापेक्षा कितीतरी जास्त आकसतो आणि त्याला आवळतो, पकड ती एवढीच. कोबाल्ट दमदार म्हणून आवळून ठेवतं, ब्रॉन्झ वाढवलंत की ढिलं पडतं. (स्वस्तात पडतं म्हणून सगळे तेच वाढवतात!) टायटॅनियम, क्रोमियम, टंगस्टन यांचं मात्र हिऱ्याच्या कार्बनशी कार्बाइड तयार होतं. तो पातळ थर एका बाजूने हिऱ्याला आणि दुसऱ्या बाजूने बॉण्डला धरतो. थर जाड झाला तर ठिसूळ, मग तिथूनच सुटतो.

आधी खड्डे नीट बघा. आत हिऱ्याच्या पैलूंचा स्वच्छ ठसा असेल तर हिरा अख्खा निघालाय, कोटिंगचा उपयोग होईल. तुटका हिरा आत अडकलेला असेल तर पकड ठीक आहे, ग्रिटच कमजोर आहे किंवा मार जास्त बसतोय.

तळोजा_ब्रेझ:
व्हॅक्यूम ब्रेझिंगचा (निर्वात भट्टीत धातू वितळवून हिरा जोडायचा) विचार? वितळवायला निकेल-क्रोमियम फिलर, हजार अंशांच्या वर. क्रोमियम हिऱ्याशी कार्बाइड करतं, हिरा निम्म्याहून वर उघडा ठेवला तरी निघत नाही.

वागळे_टूलरूम:
भाऊ, ते एका थराच्या टूलला. यांना सेगमेंट झिजत जाईल तसा खालचा हिरा वर यायला हवा.

रबाळे_सिंटर:
आत्ता पाहिलं. जवळजवळ सगळे ठसेच, पैलूच्या कडासुद्धा दिसतात. मग थोडीच कोटेड ग्रिट मागवून तपासायचं कसं? ब्लेड साइटवर पाठवायचं म्हणजे महिना गेला.

वागळे_टूलरूम:
एकाच मोल्डमध्ये तीन पट्ट्या दाबा: नुसता बॉण्ड, साधी ग्रिट, कोटेड ग्रिट. तीन टेकूंवर वाकवून तोडा. साध्या ग्रिटची ताकद नुसत्या बॉण्डपेक्षा बरीच घटेल, कोटेडची त्याहून कमी घटली तर कोटिंग काम करतंय. तुटलेल्या तोंडावर मधून फुटलेले हिरे मोजा आणि रिकामी घरं मोजा. आणि हो, पावसाळ्यात उघड्या राहिलेल्या डब्यातली कोबाल्ट पावडर वापरू नका. ती दमट होऊन ऑक्साइड धरते, मग कोटिंगलाच दोष लागायचा.

रबाळे_सिंटर:
लोखंड वाढवून कोबाल्ट वाचवलं तर?

वागळे_टूलरूम:
लोखंड गरम असताना कार्बन खातं, पातळ कोटिंगही त्यात विरघळू शकतं. तसं करायचंच तर तापमान आणि वेळ दोन्ही आवरा. पण आधी या पट्ट्या होऊ द्या.