मोतीचे खाणे: डब्यावरचे ४ टक्के की पिशवीवरचे १० टक्के?

प्रेषक: ग्रंथालय विभाग

सप्रेम नमस्कार,

आमचा कुत्रा मोती स्वादुपिंडाच्या सुजेवर (पॅन्क्रियाटायटिस) उपचार घेऊन काल संध्याकाळी घरी आला. उलट्या थांबून दीड दिवस झाला आहे, सलाईन काढले आहे, आणि निघताना डॉक्टरांनी एवढेच सांगितले की कमी स्निग्धांशाचे खाणे थोडे थोडे करून द्या. घरात ओल्या खाद्याचे डबे आहेत, त्यांवर स्निग्धांश ४ टक्के लिहिला आहे, आणि कोरड्या दाण्यांची पिशवी आहे, तिच्यावर १० टक्के. मी डबा उघडायला निघाले होते, परंतु चिरंजीवांचे म्हणणे असे की हे दोन आकडे असे शेजारी ठेवून ताडता येत नाहीत. डब्यावर १०० ग्रॅमला ९० कॅलरी आणि पिशवीवर ३४० कॅलरी लिहिल्या आहेत. मोतीचे वजन १६ किलो आहे. दवाखाना आता सोमवारी उघडेल, आणि तो वाटीपाशी जाऊन बसला आहे. कार्यवाहकाकांच्या राजा या कुत्र्याला हाच आजार झाला होता, त्या वेळी काय केले होते, हे त्यांनी कृपया कळवावे.

प्रेषक: माजी कार्यवाह

ताई, राजाला आम्ही तीन दिवस तोंडाने काहीही दिले नव्हते. अन्न पोटात गेले की स्वादुपिंड पाचकरस सोडते, म्हणून त्याला पूर्ण विश्रांती हवी, असे तेव्हाच्या डॉक्टरांनी बजावले होते आणि आम्ही ते अक्षरशः पाळले. चौथ्या दिवशी उठून उभे राहताना त्याचे पाय लटपटत होते, ते दृश्य अजून डोळ्यांसमोर आहे, पण तो वाचला आणि त्यानंतर सहा वर्षे जगला. माझ्या मते डबा आणि पिशवी दोन्ही बाजूला ठेवून आणखी एक दिवस थांबावे.

प्रेषक: आरोग्य समिती

काकांच्या अनुभवाचा आदर राखून मला याला स्पष्ट विरोध नोंदवावासा वाटतो. आजारपणाचे प्रश्न आधी आमच्या समितीकडे यावेत असे मागच्या वार्षिक सभेत ठरले होते, ते मी इथे मुद्दाम आठवून देते, कारण मोतीला आणखी उपाशी ठेवल्यास त्याचे नुकसान होईल.

उपाशी ठेवण्याची पद्धत पूर्वी सर्वत्र होती, हे खरे आहे. परंतु या आजारात ट्रिप्सिनसारखी पाचक द्रव्ये आतड्यात पोहोचण्याआधी स्वादुपिंडाच्या पेशींमध्येच जागी होतात आणि त्या पेशींनाच पचवू लागतात. उपास घडवल्याने ती क्रिया थांबत नाही. उलट आतड्याच्या अस्तराला बरेचसे पोषण आतड्यातून जाणाऱ्या अन्नातूनच मिळते, त्यामुळे पोट रिकामे राहिले की ते अस्तर दुबळे होते. म्हणून आता मॅरोपिटंटसारख्या औषधाने उलटी आवरून पहिल्या २४ ते ४८ तासांतच खाणे सुरू करण्याकडे कल असतो, आणि कुत्रा खातच नसेल तर नाकातून नळी घालतात. मोती आपण होऊन वाटीपाशी बसला आहे, ही चांगली खूण आहे. त्याने तोंड फिरवले तर मात्र पिचकारीने घशात ओतू नये, कारण अन्न श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो आणि त्या खाण्याचीच शिसारी बसते.

प्रेषक: खजिनदार

मूळ प्रश्न डबा की पिशवी असा होता आणि त्याचे उत्तर अजून कोणी दिलेले नाही, म्हणून लिहितो. चिरंजीव बरोबर आहेत. डब्यातील मोठा भाग पाणी असते. पाणी ७८ टक्के धरले तर उरलेल्या २२ भागांत ४ भाग स्निग्धांश, म्हणजे सुमारे १८ टक्के; दाण्यांत पाणी १० टक्के धरले तर ९० भागांत १०, म्हणजे सुमारे ११ टक्के. ओलाव्याचा अंदाजही नको असेल तर कॅलरीवरून काढावे: ४ भागिले ९० गुणिले १००० म्हणजे दर १००० कॅलरीमागे ४४ ग्रॅम, आणि १० भागिले ३४० गुणिले १००० म्हणजे २९ ग्रॅम. ज्या डब्याकडे आपला हात आपोआप गेला, त्यातच स्निग्धांश दीडपट आहे. शिवाय छापलेल्या टक्क्यांपुढे ‘किमान’ असा शब्द आहे का, हे पाहावे. असल्यास प्रत्यक्षातला आकडा त्याहून मोठा असू शकतो.

प्रेषक: आरोग्य समिती

हिशेब अचूक आहे, पण २९ सुद्धा काठावरचा आकडा आहे. मोतीसाठी २०च्या खाली राहिलेले बरे. कातडी काढलेल्या कोंबडीच्या छातीचे मांस पाण्यात उकडावे, त्याच्या दुप्पट वजनाचा साधा पांढरा भात मिसळावा, मीठ, तेल, कांदा, लसूण काहीही घालू नये. कोंबडी शिजवलेले पाणी वापरायचे असल्यास गार करून वर गोठलेला थर काढून टाकावा. या मिश्रणात १००० कॅलरीमागे १० ग्रॅमच्या आसपास स्निग्धांश येतो.

आता प्रमाण. किलोतील वजनाचा घन करून दोनदा वर्गमूळ काढावे आणि ७०ने गुणावे, म्हणजे विश्रांतीतील दिवसाची गरज कळते. १६चे उत्तर ८ येते, म्हणजे ५६० कॅलरी. पहिल्या दिवशी त्याचा चौथा हिस्सा, १४० कॅलरी, म्हणजे या मिश्रणाचे साधारण १०० ग्रॅम, तेही सहा वेळा विभागून. सोसले तर तीन-चार दिवसांत पूर्ण प्रमाणावर यावे. या जेवणात कॅल्शियम जवळजवळ नसते, त्यामुळे आठवड्यांमागून आठवडे यावर ठेवू नये. सोमवारी डॉक्टरांकडून कायमचे खाद्य ठरवून घ्यावे.

प्रेषक: नाट्य विभाग

आमच्या मांजरीला हाच आजार झाला होता, तेव्हा स्निग्धांशाबद्दल डॉक्टर फारसे बोलले नव्हते. ती दोन दिवस जेवली नाही याचीच त्यांना जास्त काळजी होती, कारण उपासाने मांजरांच्या यकृतात चरबी साचते. दोन्ही प्राण्यांचे नियम एक समजू नयेत, एवढेच सुचवायचे आहे. ताई, मोतीच्या गोळ्या तुम्ही चीजमध्ये लपवून देता, हे मी सहलीला पाहिले होते. ते आता बंद करावे.

प्रेषक: खजिनदार

चीजचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. त्याच्या वजनाचा जवळजवळ तिसरा हिस्सा स्निग्धांश असतो आणि शेंगदाण्याच्या लोण्यात तर निम्मा. दिवसातून तीनदा गोळी लपवली, तर वरचा सगळा हिशेब वाया जाईल.

प्रेषक: ग्रंथालय विभाग

सर्वांचे मनःपूर्वक आभार. डबे कपाटात परत ठेवले. भात आणि कोंबडी मोजून सहा लहान वाट्या भरल्या. पहिली सात वाजता दिली आणि ती त्याने चाटूनपुसून संपवली. दोन तास झाले, उलटी नाही. गोळी भाताच्या घासात दाबून दिली, ती गेली. कार्यवाहकाका, तुमचा निरोप वाचून मी खरोखर वाटी उचलून ठेवणार होते, आणि राजाच्या लटपटणाऱ्या पायांमुळेच थांबले. रात्री त्याने पुढचे पाय पसरून छाती जमिनीला टेकवली आणि मागचा भाग उंच धरला, किंवा पुन्हा उलटी झाली, तर ते पोटदुखीचे लक्षण समजून आपत्कालीन दवाखान्यात नेईन. पुढची वाटी अकरा वाजता आहे.