मदत हवी आहे: तीन शहरांत तीन शो, शूट एकाचंच परवडतंय. मुंबई, पुणे की कोल्हापूर?

नमस्कार मंडळी. आमचा चौघांचा मराठी रॉक बँड आहे, मी बेस वाजवतो. सहा वर्षं झाली, सगळे नोकऱ्या सांभाळून करतोय. जानेवारीत ओळीने तीन शनिवारी तीन शो ठरलेत, आधी मुंबई, मग पुणे, शेवटी कोल्हापूर, आणि त्यातला एक पूर्ण शूट करून लाईव्ह व्हिडिओ म्हणून काढायचाय. साठवलेले पैसे एका रात्रीपुरतेच आहेत, चार कॅमेरे आणि एक एडिटर. चुकलं तर परत दोन वर्षं पैसे साठवा.

बाकी तिघांना मुंबई हवी. क्लब छोटा आहे, जेमतेम अडीचशे माणसं, पण साउंड चांगला, लाईट तयार, कॅमेरेवाले तिथलेच म्हणजे गाडीभाडं आणि मुक्काम वाचतो. पुण्याला आमच्या ओळखीचेच लोक जास्त येतात आणि ते हाताची घडी घालून ऐकतात, त्यामुळे पुण्यासाठी कुणीच हट्ट धरत नाहीये.

मला कोल्हापूर हवंय. गेल्या वर्षी तिथल्या कॉलेजच्या शोला एका गाण्याच्या दुसऱ्या अंतऱ्याला आमच्या गायकाचा घसा बसला, तो माईकपासून बाजूला झाला आणि पुढे उभ्या असलेल्या पोरांनी अख्खा अंतरा म्हटला, चाल थोडी चुकली पण शब्द एकूण एक बरोबर. ते गाणं तोवर आम्ही कुठेच टाकलेलं नव्हतं! नंतर कळलं की त्याच्या आदल्या वर्षी कुणीतरी मोबाईलवर रेकॉर्ड केलेलं आणि ते हॉस्टेलभर फिरत होतं. ड्रमरने फक्त हायहॅट चालू ठेवला होता आणि मी वाजवायचं विसरून नुसता बघत उभा होतो. ते मला कॅमेऱ्यात हवंय.

पण ग्राउंड उघडं आहे, साउंड भाड्याचा, दहाला आवाज बंद करावा लागतो म्हणजे उशीर झाला तर शेवटची गाणी गेली. आणि एकदा पोळलोय. मागे एका शोला साउंडवाल्याने मिक्सरच्या मेन आऊटचं, म्हणजे स्पीकरला जाणाऱ्या एकत्र आवाजाचं, रेकॉर्डिंग दिलं, घरी ऐकतो तर गायकाचा आवाज मोठ्ठा आणि गिटार जवळजवळ नाहीच, कारण स्टेजवर गिटारचा ॲम्पच एवढा वाजत होता की त्याने मिक्सरवर गिटार वर केलीच नव्हती. त्या फाईलचं काहीच करता आलं नाही.

महिनाभर मी हेच बघतोय, मोठ्या बँडांनी कुठलं शहर घेतलं. रशने २००२ च्या दौऱ्याचा शेवटचा शो शूट केला, रिओचं माराकाना स्टेडियम, ४० हजारच्या आसपास लोक. आदल्या रात्री साओ पाउलोत पाऊस, सामान उशिरा पोचलं, साउंडचेकसुद्धा झाला नाही. मिक्समध्ये गर्दीचा आवाज सगळीकडे शिरलाय, पण 'वायवायझेड' या गाण्याला, ज्यात एक शब्द नाही, तिथे लोक गिटारची ओळच गातात. मला तो व्हिडिओ त्याच्यासाठीच आवडतो. उलट क्वीनने १९८१ ला माँट्रियलमध्ये २४ आणि २५ नोव्हेंबर अशा दोन रात्री शूट करून एक फिल्म केली, एसी/डीसीने २००९ ला ब्युनोस आयर्सच्या रिव्हर प्लेट स्टेडियमवर तीन रात्री वाजवलं आणि ३२ कॅमेरे लावले. आपल्याकडे एक रात्र.

तर, साधारण साउंड आणि जिवंत पब्लिक की चांगला साउंड आणि शांत पब्लिक? ज्यांनी असं शूट केलंय त्यांनी प्लीज सांगा.

ध्वनीवेडा:
कॅमेरा एकाच ठिकाणी लावा पण ऑडिओ तिन्ही ठिकाणी घ्या, त्याला वेगळा खर्च फारसा नाही. डिजिटल मिक्सर असेल तर बहुतेकदा यूएसबीने प्रत्येक चॅनल (एकेका माईकचा, वाद्याचा आवाज) वेगळा लॅपटॉपवर येतो, मग गिटार कमी-जास्त घरी बसून करा. तुम्ही क्लिकवर (कानात ठरलेल्या वेगाची टिकटिक ऐकत) वाजवत असाल तर कोल्हापूरला एखादी ओळ फसली तर पुण्याची लावता येते. डीप पर्पलने १९७२ ला जपानमध्ये तीन शो रेकॉर्ड केले आणि अल्बममध्ये बहुतेक गाणी ओसाकाच्या दुसऱ्या रात्रीची घेतली. आणि पब्लिककडे तोंड करून दोन माईक वेगळे लावा, नाहीतर ती पोरं गातील आणि रेकॉर्डिंगमध्ये काहीच येणार नाही. हे विसरू नका.

रंकाळा_काठ:
भावा, कोल्हापूरच घे. फक्त भाड्याच्या एलईडी लाईटकडे बघ, स्वस्तातले पार कॅन कॅमेऱ्यात लुकलुकतात, डोळ्याला दिसत नाही. २५ फ्रेम आणि शटर १/५० ठेवून आदल्या दिवशी टेस्ट कर. आणि साडेसातला चालू करा, आठ म्हणाल तर नऊ वाजणार आणि दहाला बंद.

तालवाद्य:
मी मुंबईच म्हणेन. गर्दी एका गाण्याला गायली म्हणजे पुढच्या वर्षी गाईलच असं नाही, हॉस्टेलची पोरं पास होऊन जातात. साउंड मात्र नंतर दुरुस्त होत नाही.

मूळ धागाकर्ता:
सगळ्यांचे मनापासून आभार. तालवाद्य, पोरं पास होतात हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, आज कॉलेजच्या मुलाला फोन केला, त्यातली निम्मी अजून शेवटच्या वर्षाला आहेत. म्हणजे हेच वर्ष. बाकी तिघं वेगळ्या चॅनलच्या रेकॉर्डिंगवर तयार होतायत, एकच अट घातलीये की साउंडवाल्याचा मिक्सर आधी बघायचा. रविवारी कोल्हापूरला जातोय. पब्लिकचे माईक स्टेजच्या कडेला लावू की मधे मिक्सरपाशी? स्पीकर दोन्ही बाजूंना आहेत, स्टेज साधारण तीस फूट रुंद.