कोर्टाच्या साइटवरून उतरवलेल्या फायलींना नावं कशी द्यायची? (वाटपाचा दावा, दोनशेच्या वर पीडीएफ)

ओसरी
नमस्कार मंडळी. सासऱ्यांच्या वाटपाच्या दाव्याचे कागद सांभाळायचं काम गेल्या वर्षी माझ्या गळ्यात पडलं. दावा २०११ चा. निकाल लागला, त्यावर जिल्हा न्यायालयात अपील झालं, आणि आता उच्च न्यायालयात दुसरं अपील आहे. म्हणजे एकाच जमिनीचे तीन ठिकाणचे कागद.

लॅपटॉपवर एकच फोल्डर आहे आणि त्यात २१४ पीडीएफ. नावं अशी : 'ऑर्डर (१४)', 'डिस्प्ले_पीडीएफ (७)', 'स्कॅन नवीन', 'स्कॅन नवीन फायनल'. व्हॉट्सॅपवरून आलेल्यांची तर 'डॉक' आणि पुढे आकड्यांची माळ. परवा वकीलसाहेबांनी कैफियतीची (प्रतिवादीच्या लेखी उत्तराची) प्रत मागितली. पाऊण तास शोधून पाठवली, ती दुसऱ्याच प्रतिवादीची निघाली.

तर प्रश्न असे. नावात आधी तारीख घ्यावी की दाव्याचा नंबर? मराठीत नाव दिलं तर पुढे काही अडतं का? आणि उच्च न्यायालयाच्या आदेशांवर डिजिटल सही असते, फाइलचं नाव बदललं तर ती बिघडते का? ही शेवटची भीती घरच्यांनी घातली आहे.

रिकामटेकडा
मी काहीच बदलत नाही. फाइल उतरवली की वहीत एक ओळ लिहितो. वही हरवत नाही, हँग होत नाही.

टंकनिक
वहीत शोध घेता येत नाही हो.

ओसरी, सहीचं आधी सांगतो म्हणजे घरचे शांत होतील. सही फाइलच्या आत असते, नाव बाहेर असतं. कितीही वेळा नाव बदला, सहीला धक्का लागत नाही. ती बिघडते कधी, तर फाइल उघडून 'प्रिंट टू पीडीएफ' केलं की, किंवा पानं जोडायच्या, फाइल लहान करायच्या ॲपमधून काढली की. तसं केलं की जी नवी फाइल मिळते तिच्यात सही पडताळता येत नाही. म्हणून उतरवलेली मूळ प्रत एका फोल्डरमध्ये वेगळी ठेवा आणि तिथं फक्त नाव बदला. जोडाजोडी दुसऱ्या प्रतीवर.

हॅशचंही (फाइलची ओळख पटवणाऱ्या आकडे-अक्षरांच्या माळेचंही) तेच. भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत जे प्रमाणपत्र द्यावं लागतं त्यात हॅश लिहितात. तो फाइलच्या मजकुरावरून निघतो, नावावरून नाही.

आता नावात काय चालत नाही ते. आपल्याकडे सगळे नंबर तिरप्या रेघेचे, १२३/२०११ असे. विंडोज ती रेघ फाइलच्या नावात घेतच नाही. विसर्गासारखी दोन टिंबं, प्रश्नचिन्ह, चांदणी, दुहेरी अवतरणचिन्ह हेही नाही. लोक मग मनाला येईल ते करतात : कोणी रेघ गाळून '१२३२०११' लिहितो, कोणी मोकळी जागा सोडतो. तुम्ही आडवी छोटी रेघ ठरवा आणि जन्मभर तीच वापरा : १२३-२०११.

काळाकोट
ताई, तारीख आधी की नंबर आधी हा वाद इंटरनेटवरच्या सल्ल्यांत चालतो, कारण ते सल्ले एकेकटी निकालपत्रं जमवणाऱ्यांसाठी असतात. तुमच्याकडे एक चालता दावा आहे आणि त्यातल्या प्रत्येक कागदाला कोर्टानं आधीच नाव देऊन ठेवलंय. निशाणी, म्हणजे रेकॉर्डवर येताना कागदाला पडणारा क्रमांक.

दावा निशाणी १. तूर्तातूर्त मनाईचा अर्ज आपल्याकडे बहुतेक ठिकाणी निशाणी ५. पुढे प्रत्येक अर्ज, कैफियत, पुरसीस (पक्षकारानं कोर्टाला दिलेलं छोटं लेखी निवेदन), सरतपासणीचं (साक्षीदाराच्या स्वतःच्या बाजूच्या जबानीचं) शपथपत्र, शाबीत झालेला दस्त, सगळ्यांना निशाणी पडते. कोर्टात कोणी 'मार्चमधला तो अर्ज' म्हणत नाही, 'निशाणी ३४' म्हणतात. तुमचे वकीलही तेच म्हणणार, आणि निकालपत्रात न्यायाधीशही तोच आकडा लिहिणार. मग फाइलचं नाव दुसऱ्या कशानं सुरू करायचं कारण काय?

मी अशी ठेवतो ('रेमुनं' म्हणजे रेग्युलर मुकदमा नंबर, 'नि' म्हणजे निशाणी) :

रेमुनं-१२३-२०११_नि-०३४_प्रतिवादी-२-कैफियत_२०१२-०३-१९

अर्जावरचा हुकूम असेल तर निशाणी तीच, शब्द वेगळा : नि-००५_मनाई-अर्ज आणि नि-००५_हुकूम. अर्ज, त्यावरचं म्हणणं आणि हुकूम हे फोल्डरमध्ये आपोआप शेजारी बसतात. तारखेनं सुरुवात केली असती तर तिघांत आठ महिन्यांचं अंतर पडलं असतं.

तारीख कोणती, यावर माझं डोकं जरा तापतं. फाइल उतरवल्याची तारीख नको. ती कोणालाच कधी लागत नाही आणि नेमकी तीच लोक घालतात. कागदावरची तारीख घाला. कैफियत असेल तर दाखल केल्याची, हुकूम असेल तर दिल्याची.

टंकनिक
काळाकोट यांनी निशाणीच्या आधी शून्यं लावली आहेत ती शोभेची नाहीत. शून्य नसेल तर कित्येक ठिकाणी १०० हा २० च्या आधी येऊन बसतो. निशाण्या शंभराच्या पुढे गेल्या असतील तर तीन आकडी करा. तारीखही वर्ष-महिना-दिवस अशीच, नाहीतर सगळ्या वर्षांतल्या एक तारखा एकत्र गोळा होतात.

आता मराठीचं. मराठीत नावं खुशाल द्या, आजच्या कुठल्याही फोनवर, लॅपटॉपवर दिसतात. पण तीन खड्डे सांगतो, मी तिन्हींत पडलोय.

पहिला आकड्यांचा. मराठी पाच आणि इंग्रजी पाच ही संगणकाच्या लेखी दोन वेगळी अक्षरं आहेत. अर्ध्या फायलींत हे आणि अर्ध्यांत ते असलं तर क्रम तुटतो आणि शोधही हुकतो. इथं धाग्यात आपण मराठी आकडे लिहितोय, पण स्वतःच्या फायलींत मी आकडे इंग्रजीच ठेवतो, कारण कोर्टाच्या साइटवर ते तसेच असतात आणि थेट चिकटवता येतात.

दुसरा खड्डा शुद्धलेखनाचा. 'पुरसीस' एकदा लिहिलं, एकदा 'पुरशीस', एकदा 'पुरसिस', की शोधताना एकच सापडणार. त्याहून वाईट म्हणजे 'दुसऱ्या' मधला ऱ्या. तो दोन प्रकारे टंकता येतो, दिसतो हुबेहूब सारखा, आणि शोधात एक दुसऱ्याला ओळखत नाही. म्हणून नावात 'दुसऱ्या प्रतिवादीची' न लिहिता काळाकोटांसारखं 'प्रतिवादी-२' लिहा.

तिसरा लांबीचा. अँड्रॉइड, लिनक्स यांच्यात नावाला साधारण २५५ बाइटची मर्यादा असते आणि देवनागरीचं प्रत्येक अक्षर, काना-मात्रासुद्धा, तीन बाइट खातं. म्हणजे काना-मात्रे धरून ८५. विंडोजवर याहून लांब नाव बिनतक्रार चालतं आणि फोनवर न्यायला गेलं की कॉपी होत नाही. का होत नाही तेही धड सांगत नाही.

अक्षरवेल
काळाकोट, निशाणी खालच्या कोर्टापुरती ठीक. ओसरींचं दुसरं अपील आहे, तिथं काय?

मी निकालपत्रांच्या अनुवादाचं काम करते, त्यामुळे माझ्याकडे उच्च न्यायालयाच्याच फायली जास्त. तिथं घोळ वेगळा आहे. प्रकरण दाखल झालं की आधी स्टॅम्प नंबर मिळतो, हरकती दूर झाल्या की नोंदणी नंबर. एकाच अपिलाचे सुरुवातीचे आदेश स्टॅम्प नंबराखाली आणि नंतरचे नोंदणी नंबराखाली. मी सुरुवातीला ही दोन वेगळी प्रकरणं समजून दोन फोल्डर केले होते! आता नोंदणी नंबरच नावात घालते आणि जुन्या फायलींना शेवटी 'स्टॅम्प-' लावून तो आकडा जोडते.

शिवाय २०२३ पासून निकालांना तटस्थ उद्धरण क्रमांक (निकालाचा हवाला देताना लिहायचा, कोर्टानंच दिलेला क्रमांक) येतो. सर्वोच्च न्यायालयाचा 'आयएनएससी' घालून, मुंबई उच्च न्यायालयाचा 'बीएचसी' घालून. मुंबईच्या क्रमांकात टंकनिक म्हणतात ती दोन टिंबं असतात, म्हणून तो जसाच्या तसा चिकटवला की विंडोज रुसतं. तिथंही आडवी रेघ.

काळाकोट
बरोबर, वरच्या कोर्टात निशाणीचा उपयोग नाही. तिथं नंबर आणि तारीख. पण वरचं अपील लढताना वाचायचं असतं ते खालचंच रेकॉर्ड, त्यामुळे ताईंच्या २१४ पैकी बहुतेक फायली निशाणीच्याच असणार.

सीएनआर नंबर (ई-कोर्टच्या साइटवर प्रत्येक प्रकरणाला मिळणारा ओळख क्रमांक) नावात घालू का, असं हमखास कोणीतरी विचारतं, म्हणून आधीच सांगतो. सोळा अक्षरांचा तो नंबर : आधी राज्य आणि जिल्हा, मग न्यायालयाचा संकेत, सहा आकडी क्रमांक, शेवटी वर्ष. प्रकरण शोधायला उत्तम, वाचायला निरुपयोगी. आणि अपील केलं की अपिलाला वेगळा सीएनआर मिळतो, म्हणजे तुमच्या तीन कोर्टांचे तीन. फोल्डरच्या नावात घाला, प्रत्येक फाइलला नको.

रिकामटेकडा
तीन फोल्डर, निशाणी, स्टॅम्प, सीएनआर... माझी वही आठवतेय ना?

अक्षरवेल
वही ठेवाच, खरंच. मी एक्सेलमध्ये ठेवते : जुनं नाव, नवं नाव. कारण एखादा जुना मेल सापडतो, त्यात 'ऑर्डर (१४) बघा' असं लिहिलेलं असतं आणि ऑर्डर (१४) आता जगातून नाहीशी झालेली असते.

आणखी एक, पक्षकारांची नावं फाइलच्या नावात शक्यतो नकोत. वाटपाच्या दाव्यात फारसं बिघडत नाही, पण कौटुंबिक न्यायालयाचं किंवा लहान मुलांचं प्रकरण असेल तर व्हॉट्सॅपवर फाइल उघडण्याआधीच नाव सगळ्यांना दिसतं. पोक्सोच्या प्रकरणात तर पीडित मुलाची ओळख उघड करायला कायद्यानंच मनाई आहे. 'प्रतिवादी-२' इथंही कामी येतं.

ओसरी
सगळ्यांचे आभार. शनिवार-रविवार बसून खालच्या कोर्टाच्या १३८ फायली केल्या. विंडोजच्या पॉवरटॉइजमधलं पॉवररीनेम वापरलं. 'रेमुनं-१२३-२०११' एका झटक्यात सगळ्यांना लागलं (नंबर बदललाय, काळाकोटांचाच वापरतेय). निशाणी मात्र प्रत्येक फाइल उघडून वरच्या कोपऱ्यातली हातानं लिहिलेलीच वाचावी लागली. त्याला काही सोपा उपाय नाही ना?

शेवट असा झालाय (सुरुवातीचं 'रेमुनं-१२३-२०११' इथं गाळलंय), ठीक आहे का सांगा :

नि-०८८_वादी-सरतपासणी_२०१५-०६-२२
नि-१२१_युक्तिवाद-लेखी_२०१७-०१-१०
निकाल_२०१७-०२-२८
निकाल (१)_२०१७-०२-२८
रोजनामा-१ ते रोजनामा-९

टंकनिक
हाताच्या अक्षराला उपाय नाही. टेसरॅक्ट नावाचं मोफत ओसीआर (स्कॅनमधली अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर) मराठी वाचतं, पण छापील. कोपऱ्यातल्या शाईच्या आकड्याला ते तीनदा तीन वेगळी उत्तरं देईल.

काळाकोट
झकास. पण 'निकाल' आणि 'निकाल (१)' दोन्ही उघडून बघा. माझी पैज आहे, एक निकालपत्र आहे आणि दुसरा हुकूमनामा (निकालात काय ठरलं ते औपचारिकपणे मांडणारा कागद, इंग्रजीत डिक्री). हुकूमनामा नंतर तयार झाला तरी त्यावर तारीख निकालाचीच असते, दिवाणी प्रक्रिया संहितेत तसंच सांगितलंय. त्यामुळे तारखेवरून तुम्हाला ते जुळे वाटणार. दोन्ही लागतात, दरखास्त लावायची (निकालाची अंमलबजावणी मागायची) झाली तर हुकूमनाम्याची नक्कल आधी मागतील.

आणि साइटवरून उतरवलेली प्रत व सही-शिक्क्याची नक्कल यांत फरक ठेवा. नकलेच्या स्कॅनला शेवटी 'नक्कल' लावा. तिच्या मागच्या पानावर अर्ज केल्याची, तयार झाल्याची तारीख असते. नक्कल मिळवण्यात गेलेला वेळ मुदतीतून वजा होतो, तो त्या पानावरूनच मोजतात. ते पान स्कॅन करताना कोरं समजून गाळलं जातं.

रोजनामा म्हणजे दर तारखेला कोर्टात काय झालं त्याची नोंद, त्यामुळे रोजनामा-१ ते ९ ला अर्थ नाही. कुठून कुठवरचा ते लिहा : रोजनामा_२०११-०८_ते_२०१२-१२.

ओसरी
पैज जिंकलात. दुसरा हुकूमनामाच आहे. आणि नकलेचं मागचं पान खरंच गाळलेलं होतं, मूळ कागद कपाटात सापडला.

अजून एक. निशाणीप्रमाणे लावल्यावर दिसलं की ४६ नंतर थेट ४८ आहे. ४७ कुठेच नाही, छापील गठ्ठ्यातही नाही. रोजनाम्यात लिहिलंय, 'प्रति. ३ मयत, वारस रेकॉर्डवर घेणेकामी अर्ज नि. ४७, मंजूर'. म्हणजे चुलत सासऱ्यांचे वारस लावले तो हुकूम आमच्याकडे नाहीच का?

काळाकोट
नाहीच. आणि दुसऱ्या अपिलात नेमकी कोणाकोणाला नोटीस गेली आहे हे बघताना तोच कागद लागणार आहे. उद्या वकिलांना फोन करा. नकलेचा अर्ज कुठं द्यायचा ते मूळ रेकॉर्ड आत्ता कुठं आहे त्यावर ठरेल. उच्च न्यायालयानं मागवून घेतलं असेल तर खालच्या कोर्टात हेलपाटा पडेल, म्हणून आधी चौकशी, मग अर्ज.

रिकामटेकडा
ओसरी, तोवर नि-०४७ नावाची एक रिकामी फाइल करून ठेवा. मी वहीत अशी ओळ कोरी सोडतो.

ओसरी
केली. 'नि-०४७_वारस-अर्ज-हुकूम_आणायचा'.