शब्दचर्चा : विज्ञानकथा म्हणजे सूतोवाच, गौप्यस्फोट की अटकळ?

प्रश्न : ‘विज्ञानकथांमधून परग्रही तंत्रज्ञानाचे सूतोवाच केले जात आहे’ असे वाक्य वाचनात आले. इथे ‘सूतोवाच’ योग्य आहे का? की ‘गौप्यस्फोट’ किंवा ‘भाकीत’ म्हणायला हवे होते?

उत्तर : वाक्य व्याकरणाने चोख आहे, पण त्या एका शब्दातून मोठा दावा पुराव्याविना वाचकाच्या गळी उतरतो. सूतोवाच म्हणजे ‘सूत उवाच’, अर्थात ‘सूत म्हणाला’. सूत म्हणजे पुराणकथा सांगणारा. तो ऋषींना जी कथा सांगतो, ती त्याने आधी कुणाकडून तरी ऐकलेली असते. महाभारत सांगणाऱ्या उग्रश्रव्याने ते जनमेजयाच्या सर्पसत्रात वैशंपायनांच्या तोंडून ऐकले होते. आजच्या वापरातही ही छटा टिकून आहे. अर्थमंत्री करवाढीचे सूतोवाच करतात. वार्ताहर तेच अंदाजाने लिहितो तेव्हा त्याने फक्त ‘शक्यता वर्तवलेली’ असते. सूतोवाच करणाऱ्याला आतली गोष्ट ठाऊक असावी लागते. गौप्यस्फोटालाही तेच, शिवाय मुळात काहीतरी गौप्य असावे लागते. भाकिताला यातले काहीच लागत नाही.

मग विज्ञानकथाकाराला आतली गोष्ट ठाऊक असते का? यासाठी हमखास दिला जाणारा दाखला म्हणजे क्लीव्ह कार्टमिल यांची ‘डेडलाइन’ ही कथा. मार्च १९४४ मध्ये ती अमेरिकेतल्या ‘अस्टाउंडिंग सायन्स फिक्शन’ मासिकात आली. तिच्यात युरेनियम-२३५ चा बॉम्ब होता, आणि नेमका तेव्हाच लॉस अलामोसच्या गुप्त अमेरिकी प्रयोगशाळेत खरा अणुबॉम्ब आकार घेत होता. सरकारी गुप्तहेर चौकशीला आले. संपादक जॉन कॅम्पबेल यांचे उत्तर सरळ होते : हे सगळे आधीच छापून आलेल्या संशोधनातून घेतले आहे. तसेच होते. युरेनियमच्या विखंडनाचा शोध १९३८ च्या अखेरीस लागला आणि १९३९ मध्ये उघडपणे प्रसिद्ध झाला. कथेतल्या बॉम्बची रचनाही खऱ्या बॉम्बसारखी नव्हती. लेखकाकडे गुपित असते तर ती जुळली असती. अशा ठिकाणी मला ‘अटकळ’ हाच शब्द पटतो. उपलब्ध माहितीवर बुद्धी चालवून बांधलेली ती अटकळ असते, आणि ती बांधणे हे फार मोठे कसब आहे. त्याला सूतोवाच म्हटले की लेखकाची प्रतिभा आपण कुठल्यातरी अदृश्य खबऱ्याच्या नावावर जमा करतो. मला हे मनापासून खटकते.

तीच गोष्ट मंगळाच्या चंद्रांची. जोनाथन स्विफ्ट यांनी १७२६ मध्ये गलिव्हरच्या सफरीत मंगळाला दोन चंद्र दिले; आसफ हॉल यांना ते दुर्बिणीतून दिसले १८७७ मध्ये. ‘त्याला कुणी सांगितले?’ असे विचारले जाते. पण पृथ्वीला एक, गुरूला (तेव्हा ठाऊक असलेले) चार, म्हणून मधल्या मंगळाला दोन, हा तर्क केप्लरने कितीतरी आधी केला होता. शिवाय स्विफ्ट यांनी दिलेले प्रदक्षिणाकाळ १० आणि साडेएकवीस तासांचे आहेत. प्रत्यक्षात फोबॉसला सुमारे ७.७ आणि डायमॉसला सुमारे ३०.३ तास लागतात. संख्या जुळली, तपशील चुकले. अटकळीची ओळख ही अशी पटते.

त्या वाक्यात आणखी एक घोळ आहे. ‘अज्ञात’, ‘गुप्त’ आणि ‘परग्रही’ हे शब्द एकमेकांच्या जागी वापरू नयेत. अज्ञात म्हणजे पाहणाऱ्याला न ओळखलेले. गुप्त म्हणजे कुणाला तरी पक्के ठाऊक, पण झाकून ठेवलेले. परग्रही हा उगमाविषयीचा दावा आहे, त्याला वेगळा पुरावा लागतो. १९४७ मध्ये अमेरिकेत रॉझवेलजवळ सापडलेले, आणि परग्रही यानाचे म्हणून गाजलेले अवशेष ‘मोगल’ या गुप्त फुगाप्रकल्पाचे होते, असा निष्कर्ष अमेरिकी हवाई दलाने १९९४ मध्ये मांडला. म्हणजे पाहणाऱ्यांना अज्ञात, लष्कराकडे गुप्त, आणि परग्रही मात्र नाही. उडत्या तबकड्यांच्या नोंदी तपासणाऱ्या अमेरिकी हवाई दलाच्या ‘ब्लू बुक’ प्रकल्पात १९६९ पर्यंत १२,६१८ नोंदी जमल्या, त्यांतल्या ७०१ ‘अनोळखी’ राहिल्या. अनोळखी, एवढेच.

उपप्रश्न : पण गुप्तचर यंत्रणांनी विज्ञानकथेला हाताशी धरल्याचे एकही उदाहरण नाही?

उत्तर : आहे, आणि ते उलट दिशेचे आहे. तेहरानमध्ये अडकलेल्या सहा अमेरिकी राजनैतिक कर्मचाऱ्यांना जानेवारी १९८० मध्ये सीआयएने बाहेर काढले, ते ‘आर्गो’ नावाच्या विज्ञानपटासाठी जागा बघायला आलेले कॅनेडियन लोक म्हणून. चित्रपट कधी निघणारच नव्हता. ही मोहीम १९९७ मध्ये जाहीर झाली. इथे विज्ञानकथा गुपित झाकायला वापरली गेली, म्हणून ‘विज्ञानकथेच्या आडून’ किंवा ‘विज्ञानकथेचा आडोसा घेऊन’ असे लिहावे. मूळ वाक्य मात्र असे करता येईल : ‘विज्ञानकथांमध्ये परग्रही तंत्रज्ञानाविषयी अटकळी बांधलेल्या दिसतात.’ लेखकाला खरोखर सूतोवाचच म्हणायचे असेल, तर सूत कोण आणि त्याने ते कुणाकडून ऐकले, हे त्याने पुढच्याच वाक्यात सांगायला हवे.